जोडधंद्यालाही भोंगा हवा

शेतीला जोडधंदा हवा, हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून गावोगावी सांगत आलो आहे. चावडीवर, शाळेच्या पडवीत, कधी बांधावर बसून. लोकांनी ते ऐकले आणि कोंबड्या, दूध, रेशीम, मसाला, लोणची असे कितीतरी धंदे घरोघरी सुरू झाले. पण अलीकडे सभा संपली की चहाच्या वेळी कोणीतरी बाजूला घेऊन वेगळेच विचारते. "साहेब, धंदा चालतोय. पण आता माणूस पुरत नाही, त्याचं काय करायचं?"

विचारणारे बहुधा पगारदार असतात. कोणी प्राथमिक शाळेत गुरुजी, कोणी साखर कारखान्यात, कोणी एमआयडीसीत पाळीवर. दिवसभर नोकरी, पहाटे आणि रात्री धंदा. पैसा दोन हातांनी येतो, पण डोळे लाल, पाठ धरलेली आणि घरात ज्याच्यात्याच्यावर खेकसणे. पुष्कळदा नवऱ्याऐवजी बायकोच हा प्रश्न विचारते, आणि तिचा प्रश्न जास्त खरा असतो.

बी.एस्सी. ॲग्रीच्या पुस्तकांत गाईचा आहार आणि कोंबडीची लस होती, पण माणसाने किती राबावे याचा धडा नव्हता. तो मला मुंबईत, लालबागच्या चाळीत, माझ्या मामीच्या खानावळीत मिळाला. तो शेतकऱ्याच्या घरालाही तंतोतंत लागू पडतो, म्हणून आज सांगतो.

आपल्यातल्या पुष्कळ घरांना गिरणगाव ठाऊक आहे. लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड हा सारा भाग कापड गिरण्यांचा. सातारा, कोल्हापूर, पुणे, रत्नागिरी या जिल्ह्यांतली माणसे तिथे पोटासाठी गेली. बायको गावी, रान गावी आणि माणूस गिरणीत. नोकरी आणि दुसरा व्यवसाय एकदम सांभाळणारे लोक आज नव्याने निघाले असे आपल्याला वाटते, पण गिरणी कामगार पिढ्यान्‌पिढ्या तेच करत होता. पेरणीला, सुगीला, गणपती-शिमग्याला तो गावी यायचा आणि त्याच्या जागी फाटकावर उभा असलेला बदली कामगार लागायचा.

माझे मामा पाटण तालुक्यातले. गावी दीड एकर, आणि लालबागच्या एका गिरणीत ते साचेवाले. मामी मात्र त्यांच्याबरोबर मुंबईत राहिली आणि तिने दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ घातली. मी प्राथमिक शाळेत असताना दोन उन्हाळी सुट्ट्या त्या खोलीत काढल्या. तेव्हा नुसते पाहिले. त्यातले मर्म पुढे मोठेपणी मामीकडूनच समजून घेतले.

गिरणीची पहिली पाळी सकाळी सातला. दुसरी दुपारी साडेतीनच्या सुमाराला, तिसरी मध्यरात्री. म्हणजे जेवणारे तीन वेळांचे. मामी पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठायची. पहिल्या पाळीच्या डब्यांच्या भाकऱ्या, मग रात्रपाळी करून आलेल्यांचे जेवण, दुपारी दुसऱ्या पाळीवाल्यांचे, संध्याकाळी पुन्हा पहिल्या पाळीचे. पाळी संपली की गिरणीचा भोंगा वाजायचा आणि मामांचे काम तिथे थांबायचे. कामगाराच्या तासांना कायद्याचीही वेस होती. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, आणि एका कारखान्यात राबलेल्या माणसाला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात लावू नये असे कलमही त्यात होते. शरीर एका दिवसात किती ओढते याचा विचार करूनच ते लिहिलेले होते.

खानावळीला मात्र ना भोंगा होता, ना कायदा. मामीने आपला भोंगा आपणच केला होता.

तिने मेंबर ठेवले अठरा. एकोणिसावा आला की ती हात जोडून सांगायची, "बाबा, पलीकडच्या चाळीत विचार." मामांना वाटायचे, अठरात आणखी दोघांचे काय ते जड? मामीचा हिशेब निराळा होता. तिच्या दोन स्टोव्हवर आणि दोन हातांवर अठरा माणसांचे काम वेळेत उरकत होते. वर दोघे घेतले की पहाटेचा अर्धा तास आणि रात्रीचा अर्धा तास जायचा. "पैसा मोजायच्या आधी झोप मोजावी," असे ती म्हणायची.

रविवारी दुपारी मटणाचे जेवण, आणि संध्याकाळी चूल बंद. मेंबरांना आधीच सांगितलेले असे. त्या संध्याकाळी मामी डोक्याला तेल लावून गॅलरीत बसायची, नाहीतर नायगावला बहिणीकडे जायची. खानावळीचे पैसे वेगळ्या डब्यात, मामांचा पगार वेगळा. मेंबरांनी पगाराच्या दिवशी पैसे दिले की वाण्याची उधारी त्याच दिवशी फिटायची आणि एक महिन्याच्या धान्याचे पैसे बाजूला पडायचे. कामाची वाटणीही ठरलेली होती. आठवड्यातून दोनदा पहाटे दादरच्या बाजारातून भाजी आणायची ती मामांनी, पाणी भरायचे ते मोठ्या मामेभावाने. पण मामा रात्रपाळी करून झोपले की त्यांना कोणत्याही कामाला उठवायचे नाही, हा मामीचा सक्त नियम.

त्याच चाळीत वरच्या मजल्यावर दुसरी खानावळ होती. बाई मामीपेक्षा सुगरण. तिच्याकडे चाळीस मेंबर आणि सुट्टी अशी नाहीच. तिचा नवरा पाळी संपवून आला की बाजारहाट, दळण, डबे पोचवणे यांतच असायचा. तीन-चार तास झोपून पुन्हा कामावर. एके दिवशी चालत्या यंत्रापाशी त्याचा डोळा लागला आणि उजव्या हाताचे बोट गेले. दोन महिने तो घरी बसला. वर्षभर चाळीस माणसांना रांधून जे साठले होते ते औषधपाण्यात आणि खाड्यात गेले. लोक यंत्राला बोल लावत होते. मामी म्हणाली, "त्याची झोप आम्ही सगळ्यांनी बघितली होती, कोणी बोललो नाही."

अशा खानावळी चालवणाऱ्या हजारो बाया गिरणगावात होत्या आणि त्यांच्या श्रमाकडे कोणाचे लक्ष नव्हते. बहुतेकींना सावकाराच्या व्याजापायी आणखी राबावे लागे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. व्याज कमी झाले की बाईला दोन मेंबर कमी ठेवून चालते. कर्जाचा आणि झोपेचा असा जवळचा संबंध आहे.

दुसरे उदाहरण गिरगावातले. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासातल्या सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तोच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झाला. आज त्यात चाळीस हजारांहून अधिक भगिनी आहेत, आणि त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातल्या दोन बारीक गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात.

पहिली अशी की, सुरुवातीच्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा त्या बायांनी चार महिने काम सरळ बंद ठेवले. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी आणली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी सोय केली, आणि मग पावसाळ्यातही काम चालले. सोय नव्हती तोवर कोणी जिवाचा आटापिटा केला नाही. दुसरी गोष्ट कामाच्या पद्धतीची. पीठ मळण्याचे काम केंद्रावर होते. भगिनी सकाळी तोलून लाट्या घेऊन जाते, घरी आपल्या सवडीने लाटते, दुसऱ्या दिवशी पापड मोजून देते आणि वणाईचे पैसे घेते. पीठ किती न्यायचे हे तिच्या हातात. जेवढे नेले तेवढे लाटले की त्या दिवसाचे काम संपले. गिऱ्हाईक शोधणे, वसुली, विक्री हा घोर तिच्या उशाशी येत नाही. धंदा कितीही वाढला तरी एका बाईच्या पोळपाटावर येणारे काम मोजकेच राहते.

आता पुन्हा लालबागकडे येतो, कारण मामीच्या हिशेबाची खरी परीक्षा पुढे झाली. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिन्यांमागून महिने गेले, माणसे गाव गाठू लागली. मामीचे अठरा मेंबर होते, ते पाच राहिले. काहींची बाकी बुडाली. पण वाण्याचे देणे नव्हते, महिन्याचे धान्य बाजूला होते आणि मुख्य म्हणजे मामी अंगाने धड होती. परळला टाटा आणि केईएम ही मोठी इस्पितळे. तिथे गावाकडून आलेले रोग्यांचे नातेवाईक पदपथावर दिवस काढतात. मामी त्यांना भाकरी-भाजी पोचवू लागली. मामा गावी परतले आणि इतकी वर्षे जोडीला असलेली दीड एकर जमीन त्यांनी मुख्य धंदा म्हणून अंगावर घेतली. घर तरले. वरच्या मजल्यावरच्या बाईंची खानावळ मात्र पहिल्या तीन महिन्यांतच उठली, कारण ती उधारीवर चालली होती आणि बाई आधीच थकल्या होत्या.

जोडधंदा कशासाठी, तर मुख्य धंदा बसला तर घर उभे राहावे म्हणून. त्या दिवसासाठी माणूस उभा असायला हवा. धंद्यानेच त्याला आधी लोळवले, तर आणीबाणीला कोण कामाला येणार?

ही जुनी कथा झाली असे कोणी म्हणेल, म्हणून आजची सांगतो. माझ्या मामेभावाचा मुलगा लालबागच्या त्याच खोलीत राहतो. बायको आहे, लहान मुलगी आहे. गिरण्यांच्या जागेवर आता काचेच्या इमारती आल्या आहेत, त्यांतल्या एका कचेरीत तो लोअर परळला नोकरी करतो. गावाकडून मामेभाऊ आणि वहिनी इंद्रायणी तांदूळ, गूळ, हळद, मसाला आणि कुरडया-पापड्या पाठवतात. हा ते चाळीतून, इमारतींतून विकतो. गावच्या मालाला व्यापाऱ्यापेक्षा चांगला भाव मिळतो, म्हणून वहिनी खूश.

गेल्या पावसाळ्यात मी कामासाठी मुंबईला गेलो तेव्हा त्याच्याकडे उतरलो होतो. रात्री साडेबारापर्यंत त्याचा मोबाईल वाजत होता. कोणाला अर्धा किलो हळद, कोणाला पाच कुरडया. सकाळी कामावर जाण्यापूर्वी दोन मजले चढून पिशव्या पोचवायच्या. वय बत्तीस, आणि डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी सुरू केलेली. मला म्हणाला, "काका, नोकरी सोडू की धंदा सोडू, तुम्हीच सांगा."

मी म्हटले, "आधी कागद घे."

आठवड्याचे तास १६८. त्यात कोणालाही वाढ मिळत नाही. कचेरीचे जाऊन-येऊन ५४ तास. रोज सात तास झोप धरली तर ४९. आंघोळ, जेवण, घरचा बाजार रोज तीन तास, म्हणजे २१. बायको आणि मुलगी यांच्यासाठी रोज दोन तास, ते १४. पाहुणा, आजारपण, लग्नकार्य, गावची खेप यांसाठी आठवड्याला १० तास तरी राखून ठेवावेत. बेरीज झाली १४८. उरले २० तास. आणि हा पठ्ठ्या धंद्याला देत होता ३८. वरचे १८ तास येत होते कुठून? बाकी कशाला कात्री लागत नव्हती, सगळी लागत होती झोपेला. सातच्या जागी तो साडेचार तास झोपत होता.

मग पैशाचा हिशेब केला. महिन्याचा नफा ९,६०० रुपये, तास १५२. म्हणजे तासाला त्रेसष्ट रुपये. मालवार पाहिले तर तांदूळ आणि गूळ यांनीच बहुतेक नफा दिलेला. कुरडया-पापड्या आणि सुटी हळद यांत वेळ सर्वांत जास्त आणि पैसा नावाला. त्याने स्वतःची मजुरी कधी धरलीच नव्हती. शेतकरीही हेच करतो. खताचे, बियाण्याचे पैसे लिहितो आणि घरच्या माणसांचे राबणे फुकट धरतो. मग नफा दिसतो तो नफा नसतो, ती आपलीच न दिलेली मजुरी असते.

त्या रात्री आम्ही ठरवले ते असे. माल दोनच, तांदूळ आणि गूळ. मागणी सोमवार ते गुरुवार, रात्री नऊपर्यंत. नऊनंतर फोन बायकोच्या कपाटात. शुक्रवारी सकाळी गावी आकडा कळवायचा, शनिवारी रात्री माल उतरवून घ्यायचा आणि रविवारी सकाळी एकदाच वाटप. मजले चढायला चाळीतला एक कॉलेजचा मुलगा, रीतसर पैसे देऊन. रविवारी दुपारनंतर धंदा बंद. पणजीची रीत पणतीच्या घरात अशी पुन्हा आली.

पुढे काय झाले तेही खरे सांगतो. काही गिऱ्हाइके तुटली. नफा ९,६०० वरून ७,२०० वर आला. वहिनी गावाहून फोनवर रागावली, कारण कुरडयांची पिंपे घरी पडून राहिली. ती आता तिथल्याच आठवडी बाजारात विकते. पण तास ८० झाले, म्हणजे तासाला नव्वद रुपये पडले. गोळी अजून चालू आहे, पण मुलीला तो रोज संध्याकाळी खाली खेळायला नेतो. नोकरी सोडायची की नाही याचा निर्णय त्याने अजून केलेला नाही. मी त्याला घाईही केलेली नाही. थकलेल्या डोक्याने असे निर्णय घेऊ नयेत, एवढेच सांगितले.

आता आपल्या गावाकडे वळू. जोडधंदा निवडताना आपण भाव विचारतो, अनुदान विचारतो. मी म्हणतो, त्या धंद्याला स्वतःचा भोंगा आहे का, तेही विचारा.

दुधाला भोंगा नाही. गाय सकाळ-संध्याकाळ पिळावीच लागते, तिला दिवाळी कळत नाही आणि तुमची रात्रपाळीही कळत नाही. म्हणून नोकरदाराने जनावरे किती ठेवावीत? तो आठ दिवस परगावी गेला तरी घरची माणसे हसतखेळत सांभाळतील इतकीच. त्याहून जास्त हवी असतील तर पगारी गडी हिशेबात धरा.

मांसाच्या कोंबड्यांचे निराळे. सुमारे सहा आठवड्यांत तुकडी निघते आणि मग शेड धुऊन, चुना मारून काही दिवस रिकामी ठेवावीच लागते. रोगराई टाळण्यासाठी ती गरजेची, आणि माणसालाही ती विश्रांती. काही जण हे दिवस वाचवायला जातात. त्यात पक्षीही मरतो आणि माणूसही दमतो.

रेशमाच्या किड्यांची तुकडी महिन्याच्या आत उरकते, पण काम सारखे नसते. शेवटच्या, पाचव्या अवस्थेत किडे एकूण पाल्याच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला खातात. तो आठवडा घरातले सगळे हात मागतो. नोकरदाराने रजा टाकायची ती त्याच आठवड्यात, आणि परीक्षा, लग्न, सुगी यांच्या तोंडावर तुकडी धरायची नाही.

आणखी दोन गोष्टी. सरकारी नोकर असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ वाचा. परवानगीवाचून खासगी व्यापार करता येत नाही. बायकोच्या नावावर धंदा टाकून स्वतः रात्री राबणे म्हणजे जिवाला दुहेरी घोर. खाण्याचा माल विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्या. चोरून केलेल्या धंद्यात शरीरापेक्षा मन आधी थकते.

आणि हिशेब करताना घरातल्या बाईचे तास वेगळ्या कागदावर मांडा. गुरुजींची शाळा पाच वाजता सुटते. गोठा, स्वयंपाक, पापड, म्हातारी माणसे, पोरांचा अभ्यास यांना सुटण्याची घंटा नाही. पुष्कळ घरांत 'आमचा जोडधंदा' म्हणजे तिचीच तिसरी पाळी असते. तिची झोप सात तासांच्या खाली गेली असेल तर तो धंदा तोट्यात आहे असे समजा, मग वहीत काहीही दिसो.

येत्या रविवारी संध्याकाळी नवरा-बायको दोघे बसा. दोन कागद घ्या, दोन्हीवर वर १६८ लिहा आणि खरे तास मांडा. झोपेचे आकडे एकमेकांना विचारून लिहा, कारण आपली झोप आपल्याला नेहमी जास्तच वाटते. बेरीज बसली तर आनंदाने धंदा करा. नाही बसली तर काय सोडायचे ते त्याच बैठकीत ठरवा, आणि जे ठरेल ते गिऱ्हाइकाला सोमवारी सकाळीच सांगून टाका.